पहाटेच्या धुराची शहानिशा

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन प्रवरेच्या कालव्यांचे पाणी ज्या मुलखात खेळू लागले, त्या श्रीरामपूर परिसराची सुबत्ता उसावर उभी राहिली आणि तिच्यामागोमाग दारोदारी मोटारीही आल्या. परंतु येथील मोटार चार-पाच वर्षांत हौसेने बदलली जात नाही, ती शेतीच्या, लग्नकार्याच्या, कोर्टकचेरीच्या आणि नगरच्या इस्पितळाच्या वाऱ्यांना वर्षानुवर्षे राबते, आणि एमएच-१७ या इथल्या नोंदणीक्रमांकाची अशी एखादी गाडी दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली आढळली तर त्यात नवल नाही. पौषातल्या थंडीत पहाटे या गाडीला सेल मारावा, सायलेन्सरमधून धुराचा लोट उठावा, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी तत्काळ निकाल द्यावा की 'इंजिन गेले, बोअरचे काम निघाले', हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे की या निकालाला पुरावा काय, असे विचारण्याचे कोणाला सुचतच नाही. वास्तविक त्याच धुराचा रंग, त्याचा वास, तो किती वेळ टिकला आणि कोणत्या प्रसंगी पुन्हा दिसला, एवढ्या चार गोष्टींत बहुतेक तपास दडलेला असतो. आणि तो न करता इंजिन उघडणे म्हणजे जबानी न घेताच शिक्षा फर्मावणे होय.

पहिला आणि सर्वांत निरर्थक भीती उत्पन्न करणारा समज पांढऱ्या धुराविषयीचा आहे. पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण असल्यामुळे ते जळताना हायड्रोजनाचे पाणी होते, आणि ते थोडेथोडके नव्हे, तर एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाले असता सुमारे एक लिटर पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. सायलेन्सर रात्रभर गारठलेला असला की हे बाष्प त्यात थिजते, कालव्याकाठच्या दमट, थंड हवेत ते अधिकच दाट दिसते, आणि नळीच्या तोंडातून काजळीमिश्रित काळसर थेंबही गळतात. हा लोट बिनवासाचा असतो, पाहता पाहता हवेत विरतो, आणि नळ्या तापल्या की, म्हणजे काही मिनिटांतच, आपोआप थांबतो. नव्या गाडीतही तो तितकाच दिसतो. याला दोष मानून सिलिंडर हेड उतरवणे हा शुद्ध अपव्यय होय.

हेड आणि ब्लॉक यांमधले हेड गॅस्केट खरोखरच फुटले असेल तर त्याच्या खुणा निराळ्या असतात : पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही, त्याला कूलंटचा गोडसर वास येतो, आणि कूलंटची पातळी कोठेही गळती न दिसता दिवसेंदिवस खाली जाते. ही पातळी इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे हे जिवावर बेतणारे साहस आहे. येथे आणखी एक उपसमज जोडून येतो. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ, पिवळट साय दिसली की गॅस्केट गेलेच असे मानतात. परंतु घरापासून बाजारपेठेपर्यंतच धावणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापतच नाही, आतला दमटपणा उडून जात नाही आणि हिवाळ्यात झाकणापुरती अशी साय जमते. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट घटत नसेल तर एका लांबच्या प्रवासानंतर ती साय राहते की जाते, एवढे पाहणे पुरेसे आहे.

आता निळसर धुराकडे वळू, कारण खरा अनर्थ येथेच होतो. निळा धूर म्हणजे जळणारे ऑइल, हे खरे. पण ऑइल जळते म्हणजे रिंगा झिजल्या, हा पुढचा निष्कर्ष मात्र खरा नव्हे. ऑइलला ज्वलनकक्षात उतरण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. खालून, पिस्टनच्या रिंगांमधून येणारी एक. आणि वरून, वॉल्व्हच्या दांड्यालगत झिरपणारी दुसरी. हेडमध्ये वॉल्व्ह ज्या गाइडमध्ये वरखाली होतात, त्या प्रत्येक गाइडच्या माथ्यावर रबराचे एक लहानसे टोपण असते, त्यास वॉल्व्ह सील म्हणतात, आणि दांड्याला वंगणापुरतेच ऑइल मिळू देऊन बाकीचे अडवावे, हे त्याचे नेमून दिलेले काम. दहा-पंधरा वर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते, त्याची कड दांड्याला बिलगेनाशी होते, आणि रात्री गाडी उभी असताना हेडमध्ये साचलेले ऑइल थेंबाथेंबाने गाइडमधून उतरून वॉल्व्हच्या पाठीवर अथवा पिस्टनच्या माथ्यावर जमते. पहाटे इंजिन सुरू होताच ते एकदम जळते, निळ्या धुराचा एक झोत उठतो आणि थोड्याच वेळात नाहीसा होतो. साठा संपला, धूरही संपला. रिंगा झिजलेल्या असत्या तर धूर असा पहाटेपुरता शिस्तीने आला नसता. तो वेग घेताना, चढावर, भार असताना, दिवसभर दिसला असता.

दोहोंतला भेद पारखण्याची एक सोपी जागा घाटात आहे. संगमनेरजवळच्या चंदनापुरी घाटातून अथवा नगर-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील इमामपूर घाटातून उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की थ्रॉटल मिटलेला आणि इंजिन मात्र वेगाने फिरत असलेले, अशी स्थिती होऊन इनटेक मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या एक तृतीयांशाहूनही खाली जातो. ही ओढ ढिल्या सीलमधून ऑइल खेचून घेते, आणि पायथ्याला पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच मागच्या गाडीवाल्याला निळा लोट दिसतो. उतारानंतर एकदाच येणारा हा लोट वॉल्व्ह सीलकडे बोट दाखवतो, आणि चढावर सतत येणारा धूर रिंगांकडे. ही कसोटी पेट्रोल गाडीची. डिझेल इंजिनात थ्रॉटलची अशी ओढ सहसा नसते.

खात्री करण्यास कॉम्प्रेशन गेज लागते. सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. त्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब ठळकपणे वाढला तर रिंगा अथवा बोअर दोषी, कारण त्या ऑइलने तात्पुरती फट बुजवली. न वाढला तर वॉल्व्हची बैठक किंवा गॅस्केट. आणि दाब मुळातच सर्वत्र सारखा व पुरेसा असून पहाटे निळा झोत येत असेल, तर संशय पुन्हा त्या रबरी टोपणावरच येतो. तत्पूर्वी क्रँककेसमधले वायू इनटेककडे नेणारा पीसीव्ही वॉल्व्ह काढून पाहावा, कारण तो तुंबला अथवा उघडाच अडकला की क्रँककेसमधले ऑइल इनटेकमध्ये जाते, आणि त्याची किंमत बोअरच्या कामापुढे नगण्य असते.

काळ्या धुराविषयी विस्तार नको. तो पेट्रोल गाडीत इंधन जास्त आणि हवा कमी झाल्याचा दाखला आहे. तुंबलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, तापमानाचा चुकीचा संदेश देणारा सेन्सर आणि जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत अडकलेला चोक ही त्याची कारणे असतात, आणि त्यांचा इंजिनाच्या झिजेशी संबंध नाही. डिझेल गाडी पहाटे डोळ्यांना झोंबणारा पांढुरका-करडा धूर सोडू लागली, तर ते न जळलेले डिझेल असते, आणि त्यासाठी प्रथम हीटर प्लग तपासावेत. चारांपैकी एक निकामी झाला तरी इंजिन थरथरत सुरू होते आणि मग सावरते. टर्बो असेल तर त्याच्या दांड्याचे सील आणि ऑइल परतण्याची नळी हीही निळ्या धुराची उगमस्थाने आहेत.

अलीकडे सर्व दोष इथेनॉलच्या माथी मारण्याची प्रथा पडली आहे, आणि जिल्ह्यातील साखर कारखानेच इथेनॉल तयार करीत असल्यामुळे ही चर्चा येथे अधिक रंगते. एक लिटर इथेनॉल जळाल्यास सुमारे नऊशे ग्रॅम पाणी होते, म्हणजे जवळपास पेट्रोलइतकेच. तेव्हा २० टक्के मिश्रणाने पांढरा लोट ठळकपणे वाढतो हे म्हणणे रसायनशास्त्राला धरून नाही. जुन्या गाडीच्या इंधनवाहिन्यांचे रबर त्याला टिकते की नाही हा प्रश्न खरा आहे व तो अवश्य विचारावा, पण तो धुराचा प्रश्न नव्हे.

पीयूसीचा, म्हणजे प्रदूषण नियंत्रणाचा, दाखला हातात असला म्हणजे इंजिन निरोगी, हाही समज सोडावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमान्वये पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन इंजिन आयडलवर असताना मोजतात, डिझेलची धूरघनता मोजतात, आणि दोन्ही तपासण्या तापलेल्या इंजिनावर होतात. पहाटेचा धूर त्या दप्तरात कधी नोंदलाच जात नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यास ही गोष्ट विशेष ध्यानी ठेवण्यासारखी आहे : सौद्याच्या वेळी बॉनेट हाताला गरम लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी आपल्यासमक्ष सुरू करण्याचा आग्रह धरावा.

उपाय म्हणून जाड ऑइल अथवा बाटलीतले औषध ओतण्याची तजवीज सर्रास केली जाते. जाड ऑइल झिरपण्यास वेळ लावते, म्हणून धूर काही काळ झाकला जातो. परंतु तेच ऑइल थंडीत इंजिनाच्या वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि सर्वाधिक झीज ज्या क्षणी होते, त्या क्षणीच वंगण अपुरे पडते. सकाळी दहा मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवण्याची सवयही अशीच घातक : आयडलवर इंजिन सावकाश तापते, आणि ढिल्या सीलवर मॅनिफोल्डची ओढ मात्र अखंड राहते. अर्धा-एक मिनिट थांबून हलक्या पायाने निघावे, हे बरे.

मग पहाटेचा तो निळा झोत तसाच राहू द्यावा काय? ऑइलचा हिशेब त्याचे उत्तर देतो. सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक पाहून दर हजार किलोमीटरला किती ऑइल भरावे लागले हे वहीत लिहावे. काही कंपन्यांच्या पुस्तिका हजार किलोमीटरमागे अर्ध्या लिटरपर्यंतचा खर्च मर्यादेत धरतात. खर्च अल्प आणि स्थिर असेल तर पातळी राखून गाडी निःशंक चालवावी. तो वाढू लागला, तर विलंब करू नये, कारण ऑइलमधील फॉस्फरस धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो आणि तो भाग सीलच्या संचाहून कितीतरी महाग असतो. पुष्कळ इंजिनांत प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा भरून वॉल्व्ह वर धरतात आणि हेड न उतरवता सील बदलतात. त्या वेळी दांडा गाइडमध्ये हलतो का हे फिटरकडून पाहून घ्यावे, नाहीतर झिजलेल्या गाइडवर बसवलेले नवे सील लवकरच पुन्हा गळू लागते. आणि कसोटीचा कौल अखेर रिंगांच्याच विरुद्ध गेला, तर बोअरचे काम अवश्य करावे. मात्र प्रत्येक सिलिंडरचा व्यास वर, मध्ये व खाली, आडवा आणि उभा, बोअर गेजने मोजून ते आकडे फिटरकडून कागदावर लिहून घ्यावेत आणि पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहिल्यावरच ब्लॉक लेथवाल्याकडे जाऊ द्यावा.