जीप : हौसेची आणि गरजेची

मैत्रिणींनो, जीप म्हटलं की आपल्याला आठवते ती निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी, नाहीतर दहाच्या जागी वीस माणसं कोंबणारी वडापची गाडी. पण हिचा जन्म झाला तो लढाईसाठी. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, कुठेही चढेल अशी गाडी हवी होती. नमुन्यासाठी मुदत दिली फक्त ४९ दिवस! बँटम या छोट्याशा कंपनीने तो करून दाखवला. पुढे युद्धकाळात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली.

हिची खुबी साधी आहे. एरवी गाडीची दोनच चाकं जोर लावतात. हिचा जादा दांडा ओढला की चारही चाकं कामाला लागतात आणि गाडी चिखलातून वर येते.

आता हौशी मंडळी जुन्या जीप दुरुस्त करून मुद्दाम चिखलात घालतात, स्पर्धा लावतात. कौतुकच आहे. पण आरोग्य शिबिरांसाठी मी वाड्या-वस्त्यांवर जाते, तेव्हा वाटतं, यांना रस्ता नसण्याची मौज, तर तिथल्या अडलेल्या बाईला त्याचीच धास्ती! झोळीतून डोंगर उतरणाऱ्या तिच्यासाठी जीप म्हणजे चैन नव्हे, जीव आहे.

म्हणून पावसाळ्याआधी बचत गटाने एवढं करावंच : जवळच्या जीपवाल्याशी बोलून ठेवावं, डिझेलचे पैसे बाजूला काढावेत. आणि ग्रामसभेत रस्ता मागायला मात्र विसरू नये!