विहिरीत इंजिन उतरवू नका: डिझेल पंप चालवताना आणि सांभाळताना



भाताची झोडणी उरकली. आता मोगरा, मिरची, वांग्याच्या पाण्यासाठी साखरशेतपासून मोखाड्यापर्यंत पाड्यापाड्यावर इंजिनं सुरू झाली आहेत. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण उतारावरून वाहून जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरी तळाला जातात, पंप पाणी ओढेनासा होतो, मग काही जण इंजिनच विहिरीत उतरवतात. ही चूक जिवावर बेतते. म्हणून आजचा मेसेज शेवटपर्यंत वाचा.

*पंप पाणी का ओढत नाही?*
पंप सक्शन पाईपमध्ये पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्राकाठीसुद्धा पाणी जास्तीत जास्त ३४ फूट चढवू शकतो. जव्हारचं पठार साधारण साडेचारशे मीटर उंच, त्यात पाईप आणि फूटव्हॉल्व्हमध्ये ताकद जाते. म्हणून पाण्यापासून पंपापर्यंतची उभी उंची २० फुटांच्या आत ठेवा. त्यापुढे मोठं इंजिन लावूनही उपयोग नाही.

*⚠️ विहिरीत इंजिन का नको?*
इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग पायातली ताकद जाते आणि माणसाला शिडी चढता येत नाही. विहिरीत वारा नसतो, त्यामुळे इंजिन बंद केल्यावरही वायू तिथेच राहतो.

कंदील सोडून बघायची पद्धत इथे चालत नाही. या वायूत माणूस बेशुद्ध पडेल तरी दिवा जळतच राहतो.

आत कोणी पडलं तर मागोमाग उतरू नका. वाचवायला उतरलेला माणूसही त्याच वायूत सापडतो. वरून इंजिन बंद करता येत असेल तर करा. आतला माणूस शुद्धीवर असेल तर दोर टाकून ओढा. लगेच ११२ आणि १०८ ला फोन करा. वर काढल्यावर मोकळ्या हवेत झोपवा आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या.

*मग पाणी काढायचं कसं?*
• ओहळ किंवा वनराई बंधाऱ्यावर काठाची माती कापून सपाट बैठक करा आणि इंजिन पाण्याजवळ, पण उघड्यावर ठेवा. अरुंद खोल घळीत किंवा बंद झोपडीत नको.
• खोल विहिरीला पाणबुडी मोटार लावा. वीज नसेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत महावितरणकडे ऑनलाईन अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के आणि इतरांना १० टक्के रक्कम भरावी लागते.

*सुरू करण्याआधी*
१. इंजिन सपाट जागेवर ठेवून ऑइलची पट्टी बघा. ऑइल खालच्या खुणेच्या वर हवं.
२. डिझेल कापडातून गाळून, इंजिन थंड असतानाच भरा. जवळ विडी नको.
३. पंप आणि सक्शन पाईप पाण्याने पूर्ण भरा. पंप कोरडा फिरला तर सील जळतं.
४. सक्शन पाईप पंपाकडे चढताच हवा. मध्ये कमान झाली की तिथे हवा अडकते.
५. फूटव्हॉल्व्ह पाण्याखाली किमान दोन फूट आणि तळापासून वर ठेवा. बांबूच्या टोपलीत बसवला तर पालापाचोळा अडकत नाही.
६. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटं मारलं तर हात सुटला पाहिजे.

*चालू असताना*
पट्ट्यावर जाळी लावा. पदर, ओढणी, पंचा खोचून घ्या. पोरांना लांब ठेवा. सायलेन्सरचा धूर वाऱ्याच्या दिशेने, तुमच्यापासून लांब जाऊ द्या. ग्लँड दोरीचा पंप असेल तर थेंब थेंब पाणी गळू द्या, त्यानेच शाफ्ट थंड राहतो. धार लागली तर नट थोडा थोडा आवळा. पाणी तुटलं की इंजिन लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनाचं पाण्याचं झाकण उघडू नका.

*देखभाल*
• रोज: ऑइल, गळती आणि ढिले नट बघा.
• आठवड्याला: एअर फिल्टर साफ करा, पट्ट्याचा ताण बघा, फूटव्हॉल्व्हची जाळी धुवा.
• ठरलेल्या तासांनी: ऑइल आणि डिझेल फिल्टर बदला. किती तासांनी ते इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यासाठी रोज किती तास चाललं ते वहीत लिहा.
• पावसाळ्याआधी: पंपातलं पाणी काढा, ऑइल बदला आणि इंजिन कोरड्या जागी झाकून ठेवा.

काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर बघा. पाणी कमी येत असेल तर आधी सक्शनच्या जोडातून हवा शिरते का बघा. पंप त्यानंतर खोला.

ज्यांच्याकडे फोन नाही अशा शेजाऱ्यांनाही हे वाचून दाखवा. खास करून विहिरीचा भाग. 🙏

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी