शिरूर-दौंडमध्ये नवरा-बायकोनं मॅरेथॉनसाठी पळायचं ठरवलं, तर आधी कशाकशाचं गणित जमवावं लागतं?

दौंडमध्ये पहाटे रस्त्यानं कुणी पळताना दिसलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या भरतीची तयारी चाललीय?"

यात लोकांचं काही चुकत नाही. दौंड हे एसआरपीचं गाव. राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक 5 आणि 7 इथेच आहेत. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर पळावं लागतं, मुलींना 800 मीटर आणि एसआरपीला जायचं असेल तर थेट 5 किलोमीटर. त्यामुळे या भागात पळणं म्हणजे नोकरीसाठी पळणं, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

दुसरं कारण बक्षिसाचं. शेजारच्या बारामतीतल्या लता भगवान करे तुम्हाला आठवत असतील. दहा-बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉनमध्ये उतरली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. ही सुद्धा नवरा-बायकोचीच गोष्ट आहे, पण त्यात हौस कुठेच नव्हती.

आता तिसरा प्रकार दिसतो. वय पस्तीस-चाळीस. नोकरी लागलेली, भरतीचं वय गेलेलं, बक्षीस मिळायची शक्यता शून्य. तरी नवरा-बायको दोघं बूट घालून बाहेर पडतात. डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीत मुंबईची, पावसाळ्यात साताऱ्याची हिल मॅरेथॉन. आधी दहा किलोमीटर, मग हाफ म्हणजे 21.1 किलोमीटर आणि डोक्यात किडा शिरलाच तर फुल, म्हणजे 42.195 किलोमीटर. हे अंतर केवढं, तर शिरूरहून दौंड नकाशावर सरळ रेषेत मोजलं तर त्याहून चारेक किलोमीटरच जास्त भरतं.

पुण्या-मुंबईत यासाठी रनिंग ग्रुप आहेत, कोच आहेत, दिवे लावलेले रस्ते आहेत. तालुक्याच्या गावात यातलं फारसं काही हाताशी नसतं. मग इथे हे जमतं कसं?

सगळ्यात आधी वेळ

हाफ मॅरेथॉनची साधी तयारी म्हणजे आठवड्यातून चार दिवस पळणं. मधले तीन दिवस पाच-सहा किलोमीटर आणि रविवारी बारा ते अठरा. आठवड्याचे तीसेक किलोमीटर होतात. साडेसात मिनिटांना एक किलोमीटर या वेगानं धरलं तर पावणेचार तास. त्यात कपडे, बूट, स्ट्रेचिंग, आंघोळ धरली की सहा तास कुठेच गेले नाहीत. हे एका माणसाचं झालं. घरातली दोन माणसं पळणार असतील तर बारा.

आता समजा नवरा रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत आहे आणि पहिली पाळी आहे. बायको शाळेवर शिक्षिका आहे. दोन पोरं, घरात सासूबाई. सकाळी तीन डबे. दोघंही एकाच वेळी घराबाहेर पडली तर डबे कोण करणार?

इथे एक सरकारी आकडा बघण्यासारखा आहे. केंद्राच्या 2024 च्या टाइम यूज सर्व्हेनुसार, घरकाम करणाऱ्यांमध्ये बाया दिवसाला सरासरी 289 मिनिटं घरकामात घालवतात आणि पुरुष 88 मिनिटं. म्हणजे फरक 201 मिनिटांचा. तीन तासांपेक्षा जास्त. एवढ्या वेळात सावकाश पळणारा माणूस हाफ मॅरेथॉन संपवून, पोहे खाऊन, चहा पिऊन मोकळा होतो.

म्हणून "आम्ही दोघं पळतो" असं कुणी सांगितलं की खरा प्रश्न तो पावणेपाचला उठतो का, हा नाही. ती किती वाजता उठते, हा आहे. तो उठून थेट बुटात पाय घालत असेल आणि ती कणीक मळून, भाजी फोडणीला टाकून मग बाहेर पडत असेल, तर एकाच रस्त्यावर पळूनही दोघांची तयारी सारखी होत नाही. तिची झोप रोज तासभर कमी पडते, आणि स्नायूंची झीज भरून निघते ती झोपेतच. चार-सहा महिन्यांनी तिचा गुडघा दुखायला लागतो आणि मग लोक म्हणतात, बायकांना हे झेपत नाही.

यावर चालणारी पद्धत साधी आहे. सोमवार-बुधवार ती पळणार, मंगळवार-गुरुवार तो. ज्याचा पळायचा दिवस नाही त्यानं डबे करायचे. रविवारी दोघं मिळून लांब पळायचं, कारण रविवारी डबे नसतात आणि पोरं आजीपाशी थोडी जास्त झोपतात. प्लॅन कागदावर फार सोपा दिसतो. अडतं ते मंगळवारी, म्हणजे "अहो, भाजीत मीठ घातलं का?" हे विचारायला ती उठून ओट्यापाशी गेली की तिथेच अर्धा तास थांबते तेव्हा.

मग येतो ऊस

मॅरेथॉनचा हंगाम आणि कारखान्यांचा गळीत हंगाम अगदी एकावर एक बसतात. पुणे-मुंबईच्या शर्यतींसाठी लांब पल्ल्याचा सराव ऑक्टोबर ते जानेवारी या काळात होतो, आणि याच काळात रस्त्यावर उसाची वाहतूक जोरात असते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे रिफ्लेक्टर असला तर असला. चालकाला कडेनं पळणारं माणूस दिसेलच असं नाही, आणि दिसलं तरी तो भरलेला लोड चटकन वळवू शकत नाही. दौंड तालुक्यात कारखान्यांसोबत केडगाव, राहू, खुटबाव पट्ट्यातली गुऱ्हाळं आहेत, त्यामुळे उसाची ये-जा हंगाम संपला तरी पूर्ण थांबत नाही.

पुणे-सोलापूर आणि पुणे-नगर हे दोन महामार्ग तर पळण्यासाठी विचारातच घेऊ नयेत. आतल्या रस्त्यावर पळायचं तर उजव्या कडेनं, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. आपल्याकडे बहुतेक जण डाव्या कडेनं, पाठीवर वाहतूक घेऊन आणि वर कानात इअरफोन घालून पळतात. नवरा-बायको असतील तर गप्पा मारत शेजारी-शेजारी. अरुंद रस्त्यावर हे टाळलेलं बरं. एकामागे एक पळावं आणि मागच्यानं पाठीवर उजळणारा पट्टा लावावा.

मग लोक कॅनॉलचा रस्ता धरतात. माती मऊ, गुडघ्यांना बरी, गाड्या नाहीत. पण कॅनॉल आला की दोन्ही बाजूंना ऊस आला, आणि ऊस आला की बिबट्या.

बिबट्याचा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही

शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. इथल्या बिबट्यांनी उसालाच जंगल मानलंय. तिथेच लपतात, तिथेच पिल्लं होतात. तोड सुरू झाली की आडोसा जातो आणि ते हलायला लागतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात काही आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तीन जणांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. लोक महामार्गावर उतरले होते.

बिबट्या सगळ्यात जास्त फिरतो तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. आणि जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. म्हणजे पाचला बाहेर पडलेलं जोडपं जवळपास सगळं अंतर अंधारातच पळतं. मे महिन्यात सहाला उजाडतं, पण तेव्हा उन्हाचा वेगळा प्रश्न.

उभ्या, मोठ्या माणसाला बिबट्या सहसा टाळतो. धोका वाढतो तो माणूस वाकलेलं किंवा बसलेलं असताना, कारण तेव्हा ते आकारानं लहान जनावरासारखं दिसतं. म्हणजे उसाच्या कडेला बुटाची नाडी बांधायला खाली बसणं ही सगळ्यात वाईट कल्पना. नाडी घरूनच दुहेरी गाठ मारून निघावं. डोक्याला लावायची बॅटरी, मोठ्यानं बोलणं, मोबाइलवर गाणी वाजवत जाणं, या गोष्टी उपयोगी पडतात. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही, हे पळणाऱ्यांना सांगणं जरा विचित्र वाटेल, पण तसंच आहे. तोंड त्याच्याकडे ठेवून, आवाज करत, हळूहळू मागे सरकायचं.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. याच अंधारात शेतकरी रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जातो. बिबट्यामुळे दिवसा वीज द्या, ही मागणी या भागातून वारंवार होते. पळणाऱ्याला निदान "आज नको" म्हणता येतं.

दोघांचा वेग सारखा नसतो, त्याचं काय?

हा प्रश्न दिसतो छोटा, पण घरात भांडणं यावरूनच होतात. तो सहा मिनिटांत किलोमीटर संपवतो, तिला साडेसात लागतात. किंवा उलटं. जास्त वेगाचा माणूस हळू पळून कंटाळतो, आणि कमी वेगाचा धापा टाकत मागे लागून दुखापत करून घेतो. रोजचं पळणं असं हवं की पळताना सलग दोन-तीन वाक्यं बोलता आली पाहिजेत. शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे.

शहरात यावर एक सोपी युक्ती सांगतात. दोघांनी आपापल्या वेगानं अर्धा तास जायचं आणि अर्ध्या तासानं मागे फिरायचं, दोघं एकाच वेळी घरी पोचतात. पण इथे त्यात दोघंही अंधारात एकटे पडतात. म्हणून शिरूर-दौंडसारख्या ठिकाणी मैदानावर फेऱ्या मारणं जास्त बरं. ज्याचा वेग जास्त तो जास्त फेऱ्या मारतो, आणि दोघं एकमेकांच्या नजरेत राहतात. मैदानावर भरतीची पोरं-पोरीही असतात, त्यामुळे वर्दळ असते. चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर. कंटाळवाणं आहे, हे मान्य.

वेगावरून भांडण झालेलं सगळ्यात गाजलेलं जोडपं अमेरिकेतलं. 1967 मध्ये कॅथरीन स्विट्झर बोस्टन मॅरेथॉनमध्ये नंबर लावून पळत होती, तेव्हा बाईनं पळायचं नाही म्हणून एका अधिकाऱ्यानं तिचा नंबर ओढायचा प्रयत्न केला. तिच्या बॉयफ्रेंडनं, टॉम मिलरनं, त्याला धक्का मारून बाजूला उडवलं. तो फोटो जगभर गेला. फोटोत नसलेली गोष्ट अशी की पुढे याच प्रकारावरून दोघांचं वाजलं आणि टॉम तिला सोडून पुढे निघून गेला. शर्यत संपली तेव्हा तो तिच्या बराच मागे होता.

इथे नंबर ओढायला कुणी येत नाही. पण बाई एकटी पळताना दिसली की बघणारे बघतात, आणि नवरा सोबत असला की तेच लोक "छान, छान" म्हणतात. सोबत नवरा असणं ही तिच्यासाठी एक प्रकारची परवानगीच होऊन बसते. त्याची सोय होते, आणि अडचणही. त्याची पाळी बदलली की तिचं पळणं बंद. म्हणून गल्लीतल्या, शाळेतल्या आणखी दोघी-तिघींना सोबत घेणं हाच टिकणारा मार्ग आहे. नवऱ्याची वाट बघत बसलं तर तयारी होत नाही.

ती लवकर दमते म्हणजे ती कमी पडते का?

दोघांनी सारखंच पळून एकीलाच धाप लागत असेल, जिना चढतानाही थकवा येत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के बायांना रक्तक्षय आहे, पुरुषांमध्ये हे प्रमाण 25 टक्के आहे. बायांमध्ये 12 च्या खाली आणि पुरुषांमध्ये 13 च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमी. रक्त कमी म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन कमी, मग जिद्द कितीही असो. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि वर लिंबू, हे इथल्या ताटात आहेच. फक्त जेवणासोबत चहा घेऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही. तासभराचं अंतर ठेवावं. आणि गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारूनच.

खर्चाचंही बघून घ्या. बुटाचा एक जोड साधारण 500 ते 800 किलोमीटर चालतो. आठवड्याला तीस धरले तर वर्षाचे दीड हजार होतात, म्हणजे माणशी दोन ते तीन जोड. दोघांचे मिळून पाच. त्यात शर्यतीची फी, आणि शर्यत भल्या पहाटे सुरू होत असल्यानं आदल्या रात्रीचा पुण्या-मुंबईतला मुक्काम. दौंडकरांना निदान रेल्वे आहे, शिरूरला रेल्वेच नाही, एसटी नाहीतर स्वतःची गाडी.

म्हणून काही जोडपी वर्ष वाटून घेतात. डिसेंबरात पुण्याला ती पळणार, पोरं आणि पाण्याची बाटली त्याच्याकडे. जानेवारीत मुंबईला तो. तिची शर्यत आधी येते, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे लांब पल्ल्याचे रविवार तिचे आणि त्या रविवारचा नाश्ता त्याचा.