कोळ्याचा दंश: अंगणातली काळजी, दवाखान्यातली सावधगिरी

उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आले की अमेरिकेतल्या कित्येक मराठी घरांच्या मागच्या अंगणाचा कायापालट होतो. मेथीचे वाफे, दुधीचा मांडव, मिरचीच्या कुंड्या. त्यासाठी गराजमध्ये वर्षभर पडून राहिलेले हातमोजे, उलट्या घातलेल्या कुंड्या आणि लाकडाचा ढीग हलवला जातो. नेमक्या अशाच जागी ‘ब्लॅक विडो’ हा विषारी कोळी राहतो.

याची मादी चकचकीत काळी असून तिच्या पोटाच्या खालच्या बाजूस डमरूच्या आकाराची लाल खूण असते. ती अंगावर धावून येत नाही. हाताखाली वा कपड्यांत दाबली गेली तरच चावते. परसातल्या शौचकूपांच्या काळात तिच्या दंशाच्या घटना बऱ्याच होत. तिच्या विषामुळे मज्जातंतूंच्या टोकांकडून स्नायूंना अनावर संदेश जाऊ लागतात. तासा-दोन तासांत पेटके येतात, पोट फळीसारखे कडक होते, घाम फुटतो, रक्तदाब चढतो. मृत्यू अत्यंत विरळा; मात्र रक्तदाब वा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना आणि लहान मुलांना हा त्रास जड जाऊ शकतो. पोटातल्या अन्य गंभीर दुखण्याशी ही लक्षणे मिळतीजुळती असल्याने ‘आज बागेत काम केले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुसरा कोळी ‘ब्राउन रिक्लूज’. रंग तपकिरी, पाठीवर व्हायोलिनसारखी गडद खूण, आणि डोळे आठऐवजी सहा. त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. काही तासांनी जागा दुखू लागते आणि थोड्या रुग्णांत तिथली त्वचा मृत होऊन जखम चिघळते. कॅन्ससपासून टेनेसीपर्यंत आणि दक्षिणेस टेक्सासपर्यंतचा पट्टा हे त्याचे मुख्य घर. कॅलिफोर्नियात त्याची वस्ती नाही, तरीही तिथले लोक प्रत्येक फोडाचे खापर त्याच्यावर फोडतात! प्रत्यक्षात, कॅन्ससमधल्या लेनेक्सा इथे एका जुन्या घरात २००१ साली सहा महिन्यांत २,०५५ रिक्लूज पकडले गेले, आणि त्या घरातल्या कुणालाही दंशाची इजा झालेली नव्हती.

हा तपशील केवळ गमतीचा नाही. ‘कोळी चावला’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या अनेक जखमा वस्तुतः जिवाणूसंसर्गाच्या असतात. त्यात नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारा ‘एमआरएसए’ हा जिवाणूही असतो. २००१ मध्येच न्यूयॉर्कमधल्या सात महिन्यांच्या एका बाळाच्या हातावरची जखम सुरुवातीला रिक्लूजचा दंश समजली गेली. ती निघाली अँथ्रॅक्सची. कोळी डोळ्यांनी पाहिला नसेल, तर निदान डॉक्टरांवर सोपवावे. पाहिला असेल, तर त्याचा फोटो काढून ठेवावा.

दंश झालाच, तर जागा साबणपाण्याने धुवावी आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे लावावा. जखमेवर चिरा देणे, विष चोखणे, करकचून दोरी बांधणे हे प्रकार टाळावेत. हळद किंवा चुना लावण्याचा मोहही आवरावा. लेपाखाली त्वचेचा बदलता रंग डॉक्टरांना दिसत नाही. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवली, तर ती पसरते आहे का ते कळते. पेटके, छातीत दुखणे, ताप, गडद रंगाची लघवी यांपैकी काहीही दिसल्यास थेट इमर्जन्सी विभाग गाठावा. श्वास अडखळत असेल तर ९११. ब्लॅक विडोच्या विषावर प्रतिविष आहे, पण ते घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते आणि त्याची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते. म्हणून बहुतेक रुग्णांना वेदनाशामक आणि स्नायू सैलावणारी औषधेच देतात. रिक्लूजवर अमेरिकेत प्रतिविष उपलब्ध नाही. जखमेची निगा हाच उपचार.

प्रतिबंध फारसा अवघड नाही. हातमोजे आणि बागेतले बूट घालण्यापूर्वी झटकावेत, लाकडाचा ढीग घराच्या भिंतीपासून दूर रचावा, कुंडी उचलताना खाली बोटे घालण्याआधी ती तिरकी करून पाहावी. तंबूत झोपणाऱ्यांनी अंथरूण आणि कपडेही झटकूनच घ्यावेत.

पाहुण्या आई-वडिलांचा विमा तुटपुंजा असतो आणि खर्चाच्या धास्तीने ते दुखणे अंगावर काढतात. त्यांच्यासाठी ‘पॉयझन कंट्रोल’चा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवावा. तो चोवीस तास सुरू असतो, सल्ला विनामूल्य मिळतो आणि दुभाषाही मागता येतो.