तीन बोटांची जागा

सकाळचे साडेआठ. नागपूरचा मे महिना. सरकारी दंत रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग पत्र्याच्या शेडबाहेर गेली आहे. मागच्या बायांनी पदर डोक्यावर ओढलेत, पुरुषांनी दुपट्टे बांधलेत. खिडकीतला माणूस मान वर न करता विचारतो, ‘‘काय होते?’’ दाढ दुखते. दात हलतो. कवळी बसवायची आहे. माझ्या पुढचा तरुण उत्तर देत नाही. हनुवटीखालून वर डोक्यापर्यंत त्याला पट्टी गुंडाळलेली आहे. मागे उभा असलेला भाऊ सांगतो, ‘‘गाडीवरून पडला जी. जबडा.’’ केसपेपरवर खोलीचा नंबर पडतो. पहिला मजला.

जिन्याच्या कोपऱ्यांत लाल पिचकाऱ्या. ‘थुंकू नये’च्या पाटीवरही एक. वर व्हरांड्यात कूलर घरघरतो, त्याच्यासमोरचा बाक केव्हाच भरला आहे. दारावर पाटी: मुख व जबडा शल्यचिकित्सा. इथली रांग खालच्या रांगेपेक्षा शांत आहे. निम्म्या लोकांना नीट बोलता येत नाही. सोबतची माणसं त्यांचं सांगतात. एका आजोबांच्या दाढेचा पू जबड्याखाली उतरलाय, गळा तट्ट सुजलाय. त्यांना रांगेतून काढून आधी आत नेतात. एका बाईचा डोळा काळानिळा झालाय आणि गालाचं हाड आत बसलंय. न्हाणीत पडले, म्हणते. केसपेपर हातात घेतलेली डॉक्टर मुलगी तिच्याकडे पुन्हा एकदा बघते, सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगते आणि दार लोटून घेते.

एक्स-रेच्या खोलीत एसी आहे, म्हणून दाराशी गर्दी. ‘‘कानातलं, नाकातलं, गळ्यातलं काढून ठेवा.’’ पट्टीवाला तरुण यंत्रापुढे उभा राहतो. पुढच्या दातांत प्लॅस्टिकची छोटी खुंटी धरायची असते. त्याचे दात जुळत नाहीत. खुंटी निसटते, लाळेसोबत खाली येते. दुसऱ्यांदा तो ती ओठांत धरतो. यंत्राचा हात डोक्याभोवती सावकाश फिरतो. वीसेक सेकंद.

पडद्यावर जबडा उलगडून सपाट झालेला दिसतो. हनुवटीच्या डाव्या अंगाला एक काळी रेघ आहे. डॉक्टरांचं बोट तिथं थांबत नाही. ते उजव्या कानाकडे सरकतं. तिथं सांध्याची मान मोडली आहे. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा वाकलेला असतो आणि दोन्ही टोकांनी कवटीशी जोडलेला. मार एकीकडे बसतो, हाड पुष्कळदा दुसरीकडेही मोडतं. म्हणून हनुवटी फुटलेल्या माणसाचे कानही तपासतात.

‘‘हेल्मेट होतं?’’

‘‘होतं ना.’’ भाऊ पिशवीतून काढून दाखवतो. फक्त टाळू झाकणारं, अर्ध्या कवचाचं. हनुवटी उघडीच राहिली होती.

खुर्चीवर घेतल्यावर पहिला प्रश्न, ‘‘दात दाबून धर. पहिल्यासारखे बसतात?’’ मान हलते, नाही. इथं सगळं या एका प्रश्नावर चालतं. वरचे-खालचे दात आपापल्या जुन्या जागी बसले, तर हाडं जुळली. खालच्या ओठाला डॉक्टर सुईचं टोक लावतात; त्याला कळत नाही. ओठाची नस जबड्याच्या हाडातूनच जाते.

सुन्न करण्याचं इंजेक्शन. मग दातांच्या दोन्ही ओळींना आकडे असलेली चपटी पट्टी. एकेका दाताभोवती तार ओवायची, चिमट्यानं पिळायची, टोक कापायचं, उरलेलं दाताकडे वळवायचं. वळवलं नाही तर ते आतून गाल सोलत राहतं. तार अर्ध्या मिलीमीटरहून बारीक. तास उलटतो. खोलीत फक्त तार कापल्याचा आवाज. तरुणाच्या हाताची मूठ आवळते, सुटते. शेवटी वरच्या आणि खालच्या आकड्यांत रबरं अडकतात आणि तोंड बंद होतं.

रेघेपाशी टायटॅनियमची पट्टी बसवायची आहे. जाडी जेमतेम १ मिलीमीटर, स्क्रू २ मिलीमीटरचे. चिरा तोंडाच्या आतून, बाहेर व्रण नाही. पट्ट्या नव्हत्या तेव्हा असा जबडा ४ ते ६ आठवडे बांधूनच ठेवत. काही जणांना अजूनही तसंच ठेवावं लागतं. थिएटरची तारीख मिळेपर्यंत याचंही तोंड बंदच. मधे कागदांचा फेरा आहे: रेशन कार्ड, आधार, अपघात म्हणून पोलिसांचा कागद. ‘‘योजनेत बसते ना, मॅडम?’’ भाऊ तीन टेबलांवर विचारतो.

मग त्यालाच समजावतात. दूध, ताक, वरणाचं पाणी, मिक्सरमधून काढून गाळलेलं काहीही. थोडं थोडं, दिवसभर. खाल्ल्यावर गुळण्या. ‘‘आणि उलटी आली तर ही रबरं लगेच कापायची. कात्री उशाशी पाहिजे, रात्रीसुद्धा.’’ भाऊ कात्री हातात घेतो आणि नेमकं कुठं कापायचं ते दोनदा दाखवून घेतो.

तेवढ्यात एक बाई येतात. तोंड सताड उघडं, मिटत नाही, लाळ पदरावर. जांभई दिली आणि जबडा निखळला. डॉक्टर अंगठ्यांना गॉज गुंडाळतात, ते खालच्या दाढांवर ठेवतात, खाली दाबतात आणि मागे ढकलतात. कट्. तोंड मिटतं. बाई रडतात आणि हसतातही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यकग्रंथांत अशीच रीत दिलेली आहे.

दुपारी रांगेत तरुण पोरं जास्त दिसतात. मोडलेलं काही नाही, सूज नाही. तक्रार एकच: तिखट झोंबते. एकाला डॉक्टर सांगतात, ‘‘स्वतःची तीन बोटं उभी धर आणि दातांमध्ये घाल.’’ एक जातं. दुसरं अर्ध्यावर अडतं. डॉक्टर दातांमध्ये पट्टी धरतात: १८ मिलीमीटर. साधारण माणसाचं तोंड ३५ ते ४५ मिलीमीटर उघडतं. गालाच्या आतला भाग पांढुरका, बोटाला ताठ लागतो.

‘‘खर्रा?’’

‘‘कमी केला आता.’’

‘‘किती?’’

‘‘दोन पुड्या.’’

सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीत घोटून दिलेला. राज्यात गुटखा बंद झाला २०१२ साली. खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. गालात दोऱ्यांसारखे धागे तयार होतात, ते सुपारीमुळे. सोडली तर वाढणं थांबू शकतं, पण झालेले धागे आपोआप विरत नाहीत, आणि याच गालात पुढे कॅन्सरची भीती असते. डॉक्टर हे सगळं आवाज न चढवता सांगतात. मग आइसक्रीमच्या लाकडी काड्यांची चळत देतात. आज जितक्या मावतात तितक्या दातांमध्ये धरायच्या, सोसेल तशी एकेक वाढवायची. रोज, अनेकदा. पोरगा काड्या मोजून खिशात घालतो. खिशातली पुडी डॉक्टरांनी मागितल्यावर तो ती टेबलावर ठेवतो.

वॉर्ड पलीकडच्या अंगाला. खिडकीजवळच्या खाटेवर आठेक वर्षांची मुलगी. तीन वर्षांची असताना ओट्यावरून हनुवटीवर पडली. हनुवटीला टाके पडले, जखम भरली. कानाजवळचा सांधा आत मोडला होता, तो कुणी पाहिला नाही. हळूहळू जबड्याचं हाड कवटीला चिकटलं. तोंड मिटलं ते मिटलंच. जबडा वाढतो तो बराचसा त्याच सांध्यातून, म्हणून हनुवटी मागे राहिली, झोपेत श्वास अडू लागला. पडलेल्या दाताच्या फटीतून आई पोळी कुस्करून सरकवायची. ऑपरेशनच्या वेळी भूल देण्यासाठी नळी नाकातून घालावी लागली. चिकटलेलं हाड कापून मधे कानशिलाचा स्नायू घातलाय. टेबलावर तोंड पूर्ण उघडलं. ते उघडं राखणं आता हिच्या आणि आईच्या हातात आहे.

आई स्क्रूचा स्टीलचा चिमटा दाढांमध्ये बसवते आणि फिरवते. मुलगी ओरडते. आई थांबते, डोळे पुसते, पुन्हा एक आटा. पुढचे कित्येक महिने हे रोज करायचं आहे. टाळलं तर हाड पुन्हा चिकटतं. बशीत केळ्याचे काप ठेवलेत. व्यायाम झाला की मुलगी एक काप स्वतः तोंडात टाकते आणि चावते.

शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या मांडीवरच्या पोराची फुटलेली हनुवटी दाखवते. कालच पडला, टाके घातले, उद्या घरी जायचं. मुलीची आई चिमटा बाजूला ठेवते. ‘‘निस्त्या टाक्यांवर राहू नोको, माय. कानाजवळचा फोटो काढायला सांग. अन् रोज तोंड उघडून पाय, बोटं घालून. कमी व्हाले लागलं का, त्याच दिवशी इथं घेऊन ये.’’