औद्योगिक गॅस बर्नर

औद्योगिक गॅस बर्नर (वायू ज्वालक) हे इंधनवायू आणि हवा ठरावीक प्रमाणात एकत्र आणून त्यांचे स्थिर व नियंत्रित ज्वलन घडवणारे उपकरण आहे. बेकरीची भट्टी, फरसाण तळण्याची कढई, रंग वाळवण्याची भट्टी, कापडावरील लव जाळण्याचे यंत्र अशा अनेक ठिकाणी त्याचा वापर होतो. या कामांत एकूण उष्णतेइतकेच महत्त्व ती सर्वत्र सारखी मिळण्याला असते. ज्योत असमान असल्यास माल एका बाजूस करपतो व दुसऱ्या बाजूस कच्चा राहतो. शिवाय अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. बर्नरचा आकार जितका लहान ठेवावा लागतो, तितके ज्योतीचे समान वितरण साधणे अवघड होते.

कार्यपद्धती

आधुनिक गॅस बर्नरचे मूळ तत्त्व रॉबर्ट बुन्सेन व पीटर देसागा यांनी १८५५ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे विकसित केलेल्या बुन्सेन ज्वालकात आढळते. जेटच्या बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडणारा वायू आजूबाजूची हवा ओढून घेतो व ज्वलनापूर्वीच तिच्यात मिसळतो. या हवेला प्राथमिक हवा म्हणतात. ज्योतीला बाहेरून मिळणारी हवा ही दुय्यम हवा होय. मोठ्या क्षमतेच्या बर्नरमध्ये हवा ब्लोअरने पुरवली जाते.

छिद्रातून बाहेर पडणाऱ्या मिश्रणाचा वेग आणि ज्योत पसरण्याचा वेग यांचा मेळ बसला, तरच ज्योत छिद्रापाशी स्थिर राहते. मिश्रण फार वेगाने आल्यास ज्योत छिद्रापासून उचलली जाते व विझू शकते. मिश्रणाचा वेग फार कमी झाल्यास ज्योत नळीच्या आत शिरते. यालाच बॅकफायर म्हणतात. छिद्रे पुरेशी बारीक असल्यास त्यांच्या कडा ज्योतीतील उष्णता शोषून घेतात आणि ज्योतीला आत जाऊ देत नाहीत. मिथेनसाठी ही मर्यादा साधारण २ मिलिमीटर आहे. बर्नरचा धातू तापला की हे संरक्षण कमी होते.

समान ज्योतीची रचना

लांब नळीवर एका ओळीत छिद्रे पाडून एका टोकाने मिश्रण सोडल्यास सर्व ज्योती सारख्या उंचीच्या होतील, असे वाटते. प्रत्यक्षात नळीच्या सुरुवातीस मिश्रणाचा वेग सर्वाधिक असतो आणि छिद्रांवरील स्थिर दाब कमी असतो. पुढे मिश्रण छिद्रांतून बाहेर पडत गेल्याने नळीतील वेग घटतो व दाब वाढतो. त्यामुळे आखूड नळीत बंद टोकाकडील ज्योती सहसा उंच आणि सुरुवातीच्या ज्योती बुटक्या दिसतात. नळी फार लांब किंवा अरुंद असेल, तर घर्षणामुळे याच्या उलट परिणामही होऊ शकतो.

म्हणून छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ नळीच्या आतील छेदाच्या क्षेत्रफळापेक्षा बरेच कमी ठेवतात. उदाहरणार्थ, ६० सेंटिमीटर लांबीच्या नळीवर २.५ मिलिमीटर व्यासाची १२० छिद्रे पाडल्यास त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ५९० चौरस मिलिमीटर होते. नळीचा आतील व्यास ४० मिलिमीटर असेल, तर हे क्षेत्रफळ तिच्या छेदाच्या जवळजवळ निम्मे भरते आणि ज्योतीतील फरक मर्यादित राहतो. जागा वाचवण्यासाठी २० मिलिमीटर व्यासाची नळी घेतल्यास तेच क्षेत्रफळ छेदाच्या सुमारे १.९ पट होते. अशा नळीत सुरुवातीच्या छिद्रांना पुरेसा दाब मिळत नाही.

छिद्रातील प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे दोन छिद्रांवरील दाबात १० टक्के फरक असल्यास प्रवाहात सुमारे ५ टक्के फरक पडतो.

जागा कमी असताना पुढील उपाय केले जातात :

* मिश्रण टोकाऐवजी नळीच्या मध्यभागी सोडणे. यामुळे प्रत्येक बाजूस निम्माच प्रवाह जातो.
* नळीच्या आत छिद्रे असलेली दुसरी नळी बसवणे.
* छिद्रांखाली जाळी किंवा सच्छिद्र पत्रा बसवून सर्वत्र सारखा अवरोध निर्माण करणे.
* गोल छिद्रांऐवजी लांब खाचेत नागमोडी पट्ट्यांचे थर बसवणे. या प्रकाराला रिबन बर्नर म्हणतात.
* धातूच्या तंतूंच्या किंवा सिरॅमिकच्या सच्छिद्र पृष्ठभागावर ज्वलन घडवणे.

यांपैकी अनेक उपायांनी अवरोध वाढतो. त्यामुळे जास्त दाबाचा वायू किंवा अधिक शक्तीचा ब्लोअर लागतो.

इंधनातील बदल

एका वायूसाठी बनवलेला बर्नर दुसऱ्या वायूवर तसाच चालत नाही. समान दाबाखाली तेवढ्याच छिद्रातून किती उष्णता मिळेल, हे वायूच्या वॉबे निर्देशांकावरून समजते. उष्मांकाला सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागून हा निर्देशांक काढतात. मिथेनसाठी तो प्रतिघनमीटर सुमारे ५१ मेगाज्यूल, तर प्रोपेनसाठी सुमारे ७६ मेगाज्यूल आहे.

प्रोपेनच्या जेटला त्याच दाबाचा मिथेन जोडल्यास उष्णता सुमारे दोन तृतीयांशावर येते. मिथेनच्या जेटला प्रोपेन जोडल्यास ती दीडपट होते, हवा अपुरी पडते व काजळी धरते. तेवढ्याच उष्णतेसाठी लागणारी हवा मात्र दोन्ही वायूंना जवळजवळ सारखीच असते. त्यामुळे ब्लोअरच्या बर्नरमध्ये मुख्यतः जेट किंवा वायूचा दाब बदलावा लागतो.

नागपूरमधील संदर्भ

नागपूरजवळ हिंगणा व बुटीबोरी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या औद्योगिक वसाहती आहेत. गेल (इंडिया) कंपनीच्या मुंबई–नागपूर–झारसुगुडा नैसर्गिक वायुवाहिनीचा मुंबई–नागपूर टप्पा समृद्धी महामार्गालगत आखलेला आहे. एलपीजीवर चालणाऱ्या भट्ट्या नैसर्गिक वायूवर आणताना वर दिलेले बदल अनिवार्य ठरतात.

नागपूरच्या हवामानाचाही ज्योतीवर परिणाम होतो. हिवाळ्यात पहाटे तापमान १२ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर मे महिन्यात दुपारी ४५ अंशांपर्यंत असते. तापमानातील या फरकामुळे हवेची घनता सुमारे १० टक्के घटते. ब्लोअर दर मिनिटाला तेवढीच घनमीटर हवा देत राहिला, तरी उन्हाळ्यात तिच्यातील ऑक्सिजन कमी असतो. हिवाळ्यात अगदी काटेकोरपणे जुळवलेला बर्नर त्यामुळे उन्हाळ्यात पिवळी, धुरकट ज्योत देऊ शकतो. यासाठी काही टक्के जादा हवेची सोय ठेवणे व ऋतुमानानुसार पुन्हा जुळणी करणे आवश्यक असते.

सुरक्षितता

दाबाखालील वायूच्या साठवणुकीचे परवाने पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना देते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या स्फोटके विभागापासून ही केंद्रीय संघटना विकसित झाली असून तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

बंदिस्त भट्टीत बर्नर पेटवण्यापूर्वी आतील वायू ब्लोअरने बाहेर घालवला जातो. ज्योत विझल्यास संवेदकाच्या संकेतावरून वायूची झडप आपोआप बंद होणे आवश्यक असते. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट व ब्यूटेन दुप्पट जड असल्याने एलपीजी जमिनीलगत व खड्ड्यांत साचतो. नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. म्हणून इंधन बदलताना जेटबरोबरच गळतीसूचक यंत्राची जागाही बदलावी लागते.