"ताई, ते झोपेत मारतात!"

झोपेत बडबडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या माणसाला आपल्याकडे हसण्यावारी नेतात. "काल रात्री कुणाशी भांडत होतात?" असं सकाळी चहा देताना विचारलं की विषय संपला. पण मैत्रिणींनो, काही घरांत तो असा संपत नाही.

आमच्या भिवंडीत कामतघरकडच्या एक बाई मंडळाच्या बैठकीला आल्या, त्या डोळ्याखाली काळंनिळं घेऊन. अशा डोळ्याचा अर्थ आमच्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. बायकांनी त्यांना मध्ये बसवलं, पाणी दिलं, एकीने तर पोलीस ठाण्याचा विषयही काढला. बाई मात्र एकच धरून बसल्या, "ताई, ते झोपेत होते हो." सगळ्यांना वाटलं, नवऱ्याला पाठीशी घालतायत. मग त्यांनी नीट सांगितलं. यजमान साठीच्या जवळ आलेले, लूमच्या कारखान्यात मेहताजी. तीस वर्षांच्या संसारात आवाज चढवला नाही. पण गेली दोनेक वर्षं पहाटे तीन-चारच्या सुमाराला ओरडतात, लाथा झाडतात, बुक्के मारतात. डोळे मिटलेलेच. हाक मारली की लगेच भानावर येतात आणि म्हणतात, "कुत्रा अंगावर आला होता, त्याला हाकलत होतो." बायकोचा डोळा बघून ते स्वतःच रडले होते.

सासूबाईंनी दृष्ट काढली होती, शेजारणीने बाहेरचं असेल म्हणून ताईत सुचवला होता. उशाखाली सुरी ठेवायचा उपायही झाला होता! वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून लोखंड उशाशी ठेवायची आपल्याकडची जुनी रीत. पण झोपेत हात चालवणाऱ्या माणसाच्या उशाशी सुरी म्हणजे काय, याचा विचार करा. ती पहिली काढा.

या त्रासाला डॉक्टरी भाषेत 'रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर' म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. झोपेत अधूनमधून असा टप्पा येतो की बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. ठळक स्वप्नं मुख्यतः याच वेळी पडतात. ही 'रेम' झोप १९५३ साली शिकागोच्या संशोधकांनी जगापुढे मांडली. या टप्प्यात मेंदू शरीराच्या स्नायूंना जणू कुलूप लावतो. श्वास चालतो, डोळे हलतात, बाकी अंग सैल पडतं. म्हणून स्वप्नात आपण कितीही धावलो तरी अंथरुणातच असतो. या आजारात ते कुलूपच नीट लागत नाही आणि माणूस स्वप्न अंगाने जगायला लागतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाचे डॉ. कार्लोस शेंक आणि डॉ. मार्क माहोवाल्ड यांनी माणसांमधला हा स्वतंत्र आजार म्हणून त्याचं वर्णन केलं. जास्त करून पन्नाशीपुढच्या पुरुषांत तो सापडतो, पण बायकांनाही होतो.

आता ओळखायचं कसं? रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, म्हणून हा गोंधळ बहुधा पहाटेकडे होतो. माणूस सहसा उठून घरभर फिरत नाही, जागेवरच हातपाय चालवतो. जागं केलं की पटकन शुद्धीवर येतो आणि बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. झोपेत चालणाऱ्या मुलांचं उलटं असतं. ती पहिल्या प्रहरात उठतात, डोळे उघडे असतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. दरवेळी तीच ती हालचाल होत असेल, जीभ चावली जात असेल किंवा अंथरूण ओलं होत असेल, तर फिट्सची शंका घ्यावी लागते. मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडकणारी माणसंही दचकून हातपाय झाडतात.

आणि एक स्पष्ट सांगते. जागेपणी हात उगारणाऱ्याने "झोपेत लागला" म्हटलं, तर ते या आजारात बसत नाही. त्याची वाट वेगळी, आणि तिथे मंडळ तुमच्याबरोबर आहेच.

झोपलेल्याला स्वतःचं काही कळत नाही, त्यामुळे इथे खरी साक्षीदार बायकोच. किती वाजता झालं, काय ओरडले, उठवल्यावर काय सांगितलं, हे वहीत लिहा. मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करून ठेवा. लाजू नका, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या, कारण नैराश्यावरच्या काही औषधांनीही हा त्रास सुरू होतो. मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. दारू एकदम सोडल्यावरही असं होऊ शकतं, तेही लपवू नका.

पक्कं निदान होतं ते 'पॉलिसोम्नोग्राफी' या तपासणीने. रात्रभर झोपवून डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, हातापायांना तारा चिकटवतात, श्वास मोजतात आणि कॅमेरा चालू ठेवतात. रेम झोपेत स्नायू सैल पडतात की नाहीत, ते त्यात दिसतं. दुखत काही नाही. आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवायचं. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत न्यूरॉलॉजी विभाग आहेत. कल्याण किंवा ठाण्याहून लोकलने जाता येतं, फक्त केसपेपरसाठी सकाळी लवकर निघा.

इतकी धावपळ कशाला, असं वाटेल. पण हा त्रास कधीकधी पुढच्या आजाराची आगाऊ वर्दी असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अनेक देशांतले असे १२८० रुग्ण होते. तपासणीने निदान पक्कं झालेल्या या लोकांपैकी १२ वर्षांत शंभरातल्या सुमारे ७३ जणांना पार्किन्सन्स किंवा त्याच जातीचा विस्मरणाचा वा दुसरा आजार होईल, असा हिशेब त्यातून निघाला. म्हणून वास न येणं, जुनी बद्धकोष्ठता, अक्षर बारीक होत जाणं, चालताना एक हात न हलणं, हेही डॉक्टरांना सांगावं.

पुढचा आजार हमखास थोपवणारं औषध आज नाही. पण रात्रीचा त्रास कमी होतो. त्यासाठी डॉक्टर मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपामची गोळी देतात. ही दुसरी गोळी मेडिकलमधून आपल्या आपण आणू नका. घोरणाऱ्याला ती धोक्याची ठरू शकते, वयस्कर माणूस तिने तोल जाऊन पडू शकतो.

अंथरूण जमिनीवर घालायची आपली पद्धत इथे कामाला येते. जवळची लोखंडी पेटी, टेबलफॅन, काच बाजूला सारा. नातवंडांना शेजारी झोपवू नका. उठवताना हात धरू नका, लांबून नावाने हाक मारा. आणि काही दिवस वेगळं झोपावं लागलं, तर त्यात संसार मोडल्यासारखं काही नाही.

मेहताजींची तपासणी झाली, निदान हेच निघालं. पुढे काय होऊ शकतं हे त्यांना सांगावं का, असं बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांसमोर, तुम्ही जवळ असताना सांगू द्या. आयुष्य त्यांचं आहे. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "व्यायामाने काही होतं का?" डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आता पहाटे दोघंही वऱ्हाळा तलावाकडे फिरायला जातात. पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी मुंबईत २००१ पासून 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' आणि पुण्यात 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' काम करतं, हे बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. अजून तरी ते पान उघडायची वेळ आलेली नाही.